"पळाली काहून नाही?"

मेट्रोत शेजारच्या काकूंनी पुस्तकात डोकावून विचारलं, "कशाची गोष्ट हाय?"

सांगितलं, एका माणसानं बाईला पाच वर्षं शेडमध्ये कोंडलंय. मग भाडेकरू म्हणून घरातच आणून ठेवतो.

"मंग पळाली काहून नाही?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बर्डी स्टेशन येईपर्यंत तिसऱ्यांदा. "हो जी, निघाली मी. दहाच मिन्टं." मांडीवरची भाजीची पिशवी घट्ट धरलेली.

पुस्तक म्हणजे क्लेमन्स मिशालाँची कादंबरी 'द क्वाएट टेनंट', २०२३ची. कोंडणारा यात स्वतः बोलतच नाही. बोलतात बायाच: कैदेतली, त्याची मुलगी, त्याच्यावर जीव जडलेली. कैदेतलीची प्रकरणं 'तू' म्हणत लिहिलीत. वाचताना कडी आपल्याच दाराला लागते.

काकू उतरल्या तेव्हाही फोन कानाला होता. उत्तर द्यायचं राहूनच गेलं. तुम्ही काय सांगितलं असतं?