आप्पांना ऐकू आलेलं नाव

आमचं गाव नंदगड, तालुका खानापूर, कर्नाटकातला बेळगाव जिल्हा. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ला फाशी दिली ती इथेच, गावाबाहेरच्या वडाजवळ. आमचं घर मराठी, पण त्या वडापुढनं जाताना आप्पांनी पायातलं काढलं नाही असं मी कधी बघितलेलं नाही.

गेल्या महिन्यात बहिणीचं बाळ बघायला आप्पांना घेऊन बेंगळूरला गेले. खानापूरहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, सकाळी सिटी स्टेशन, तिथनं भुयारी मेट्रोनं बैयप्पनहळ्ळी. लोणच्याची बरणी आणि कुंद्याचा डबा तपासणीच्या मशिनीतनं काढून घेण्याच्या गडबडीत मेट्रो स्टेशनाच्या नावाच्या फलकाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. तसंही तिथे कन्नड आणि इंग्रजी. आप्पा मराठी शाळेत शिकलेले. कन्नड फडाफडा बोलतात, अक्षरं लागत नाहीत.

परतताना मात्र ऐकू आलं. एम. जी. रोड सोडला की मेट्रो जमिनीखाली शिरते. कब्बन पार्क ते सिटी स्टेशन हा भुयारी टप्पा एप्रिल २०१६मध्ये सुरू झाला. आप्पा टोकन मुठीत धरून बसले होते. मॅजेस्टिकला निम्मी गाडी रिकामी झाली, दारं लागली आणि आवाज आला, "मुंदिन निल्दाण (पुढचं स्टेशन), क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्ण..."

आप्पा उठून उभे राहिले. एका हातानं दांडा धरलेला, दुसरा छातीवर. "आमचा रायण्णा काय गे?"

"होय आप्पा. वरच्या रेल्वे स्टेशनालाही त्याचंच नाव आहे."

"आणि येताना सांगितली नाहीस?"

खरंच, सांगायला हवं होतं. मी कितीदा या स्टेशनात चढले-उतरले, मला ते नुसतं गाडी बदलायचं ठिकाण झालं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून पोटात कालवलं.

उतरल्यावर त्यांनी मला फलकापाशी नेलं आणि एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचायला लावलं. मागनं ते म्हणत होते, सं, गो, ळ्ळि. दोनदा. मग वर आलो, पुलावरनं दहा नंबरच्या फलाटाकडं चालायला लागलो. मध्येच थांबून त्यांनी आईला फोन लावला.

"राणीच्या गाडीनं आलो, आता रायण्णाच्या स्टेशनातनं निघालोय. उद्या वडाकडं जाऊन येऊया, नारळ आणून ठेव."