जादूतला ‘चे’ कुठे ठेवू?

माझा एक मित्र हौशी जादूगार आहे. सोसायटीच्या हॉलमधल्या प्रयोगासाठी त्याला पोस्टर हवं होतं. फर्माईश अशी, “जुन्या विलायती सर्कशीचं असतं ना, तसं कर.” मी महिरपी, वेलबुट्टी, बोट दाखवणारे हात उतरवून घेतले, मागे पिवळट कागद टाकला. झाली लग्नपत्रिका! मित्र म्हणाला, “छान आहे रे, पण तारीख कुठाय?”

मग व्हिक्टोरियन काळातली पोस्टरं झूम करकरून पाहिली. कितीतरींवर नक्षी अगदीच थोडी. खेळ सगळा ओळींचा. ओळ काठोकाठ भरायची: शब्द छोटा तर टाइप (छपाईचा अक्षरठसा) रुंद, जाडजूड, शब्द लांब तर टाइप चिंचोळा. एवढ्या मोठ्या मापात शिशाचा टाइप जड आणि महाग. 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकडी टाइप यंत्रावर कापायला घेतला आणि वीतभर उंचीची अक्षरंही छापखान्यांच्या आवाक्यात आली.

दोन मोठ्या ओळींच्या मध्ये ‘ऑफ’, ‘अँड’ असे चिल्लर शब्द बारीक टाइपात, दोन्ही बाजूंना रेघ. हे मला फारच आवडलं आणि तिथेच मराठीने धरलं. ‘जादूचे प्रयोग’मधला ‘चे’ सुटा होतोच कुठे? तरी ‘जादू’ मोठा केला आणि ‘चे’ खाली चांदणीत बसवला. आईने विचारलं, “हा चे कोण?”

शेवटी मजकूरच बदलला: ‘जादू आणि गंमत, फक्त एक तास’. ‘आणि’, ‘फक्त’ बिनतक्रार बारीक झाले.

इंग्रजी कॅपिटल्स विटांसारखी रचता येतात. आपल्याकडे वर वेलांट्या, खाली उकार. ‘जादू’साठी रोझा वन घेतला, जाड-बारीक रेषांचा ठसठशीत फॉन्ट. त्याचा दीर्घ उकार थेट ‘आणि’च्या वेलांटीत घुसला. म्हणून ‘आणि’ डावीकडे, ‘जा’खालच्या मोकळ्या जागेत सरकवला. लांब ओळीसाठी आधी रुंद फॉन्टच दाबून अरुंद केला, तर उभ्या रेषा काडीसारख्या आणि शिरोरेषा तशीच जाड. तो नाद सोडून मुळातच चिंचोळा असलेला ‘खंड’ नावाचा फॉन्ट घेतला.

काळा आणि लाल, दोनच रंग. लाल फक्त तारखेला. मित्राचं नाव मात्र कुठल्याच रुंदीत बसेना, ते तळाशी बारीक गेलं. त्यावरून तो अजून कुरकुरतो.