गावांच्या नावांची जुळणी: स्थलांतराच्या अभ्यासातील माझा अनुभव

मी चिपळूणमधील एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. पीएच.डी.साठी मी निवडलेला विषय घरातूनच आलेला होता. कोकणातून मुंबईला जाणारा चाकरमानी पूर्वी एकटा जात असे. आता तो कुटुंबासह जातो का, आणि जात असेल तर कोणत्या गावांतून व साधारण केव्हापासून, हे मला तपासायचे होते. माझ्या आजीने मनीऑर्डरीची वाट पाहत उभा जन्म घर, शेत आणि गुरे सांभाळली. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी मात्र लग्नानंतर दोन-तीन वर्षांत नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला नवऱ्याबरोबर राहायला गेल्या. हा बदल आमच्याकडे सगळ्यांनाच दिसतो. तो आकड्यांत मांडता येईल अशी माझी समजूत होती, कारण जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि तिचे तक्ते सर्वांना खुले असतात. ते तक्ते एकमेकांना जोडण्यातच माझी दोन वर्षांहून अधिक वर्षे जातील, याची मला कल्पना नव्हती.

जिल्ह्याचे आकडे सहज मिळाले. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटली ती या दोन जिल्ह्यांत आणि मुंबई शहर जिल्ह्यात. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या याच काळात रत्नागिरीत 1136 वरून 1122 वर, तर सिंधुदुर्गात 1079 वरून 1036 वर आली. गावाबाहेर फक्त पुरुषच जात असते, तर लोकसंख्या घटताना हे प्रमाण वाढायला हवे होते. ते कमी झाले, म्हणजे स्त्रियाही बाहेर पडत असाव्यात, असा माझा पहिला तर्क होता. परंतु जिल्ह्याचा आकडा ही नऊ तालुक्यांची सरासरी असते. त्यात लोट्याच्या औद्योगिक वसाहतीमुळे बाहेरून कामगार येणारा खेड तालुक्याचा भाग असतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याची, निम्मी घरे कुलूपबंद असलेली संगमेश्वरातील गावेही असतात. तर्क तपासायचा तर गावनिहाय आकड्यांकडे जाणे भाग होते, आणि तेही एका वर्षाच्या नव्हे, तर 1991, 2001 आणि 2011 अशा तिन्ही जनगणनांच्या.

या टप्प्यावर माझे काम थांबल्यासारखे झाले. 1991 चे काही खंड पाहण्यासाठी मी पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात गेले. 1930 साली स्थापन झालेल्या या संस्थेने जुने जनगणना अहवाल जपून ठेवले आहेत आणि तेथे ते शांतपणे वाचता येतात, याचे मोल मला त्या आठवड्यात कळले. तक्ते हाती आले, पण ते एकमेकांशी बोलत नव्हते. प्रत्येक जनगणनेत गावाला दिलेला संकेतांक वेगळा होता. 2011 मध्ये गावांना सहा अंकी कायम संकेतांक देण्यात आले. त्याआधीच्या संकेतांकांची घडणच निराळी होती. त्यामुळे एका वर्षाची ओळ दुसऱ्या वर्षाच्या ओळीला जोडायला नावाखेरीज आधार उरला नाही, आणि कोकणात गावाचे नाव हा फार कच्चा आधार आहे.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. तक्त्यांतील नावे इंग्रजी लिपीत असतात आणि दर दहा वर्षांनी त्यांचे स्पेलिंग बदलते. 'व'साठी एकदा एक अक्षर, पुढच्या वेळी दुसरे. शेवटचा 'ए'कार कधी लिहिलेला, कधी गाळलेला. 'ळ' आणि 'ल' यांत तर भेदच नाही. बुद्रुक आणि खुर्द ही जोडगावे पावलोपावली आहेत, आणि संगमेश्वर तालुक्यातील आंबेड बुद्रुक व आंबेड खुर्द यांसारख्या जोड्यांत शेवटचे अक्षर गळाले की कोणते गाव कोणते हे कळत नाही. जुन्या महसुली विभागणीतून आलेले 'तर्फे' हे पद एका यादीत असते, दुसऱ्या यादीत त्याचा केवळ संक्षेप उरतो. काही गावे तर यादीतून नाहीशीच झाली होती. त्यांतले एक गाव मी चार दिवस शोधत होते. ते शहरांच्या तक्त्यात सापडले, कारण लोकसंख्या किमान 5,000, पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर आणि घनता चौरस किलोमीटरला किमान 400 या तीन कसोट्यांना उतरलेल्या गावाची जनगणना 'गणना शहर' म्हणून वेगळी नोंद करते, मग तिथला कारभार ग्रामपंचायतीकडेच असला तरी. सिंधुदुर्गाशी तुलना करायची ठरवली तेव्हा आणखी एक अडचण पुढे आली. मुळात तो जिल्हाच 1981 मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, आणि 1991 च्या तक्त्यांत दोडामार्ग तालुका शोधून उपयोग नाही, कारण तेव्हा ती गावे सावंतवाडीत होती.

याच काळात माझ्या हातून एक गंभीर चूक झाली. एका गावाची लोकसंख्या दहा वर्षांत निम्म्याने घटल्याचे माझ्या तक्त्यात दिसत होते. मी त्या गावावर जवळजवळ एक प्रकरण लिहून काढले. घाटाकडे जाणारा रस्ता, खार लागलेली शेती, शाळा दूर असणे, अशी कारणे मी मांडली आणि ती मला पटतही होती. मार्गदर्शक सरांनी मसुदा वाचून एवढेच विचारले, "शेजारच्या गावाची लोकसंख्या याच दशकात दुप्पट का झाली, ते पाहिलेत का?" मी पाहिले नव्हते. बुद्रुक आणि खुर्द यांची अदलाबदल झाली होती. स्थलांतर झाले होते ते माझ्या एक्सेलच्या दोन ओळींमध्ये. त्या दिवशी मला खरी भीती वाटली ती याची, की माझी कारणमीमांसा ऐकायला अगदी सुसंगत होती आणि सरांनी तो प्रश्न विचारला नसता तर ती तशीच छापली गेली असती.

त्यानंतर एका कार्यशाळेत मला 'श्रग' या माहितीसाठ्याविषयी कळले. डेव्हलपमेंट डेटा लॅबच्या संशोधकांनी भारतातील पाच लाखांहून अधिक गावांची 1991, 2001 आणि 2011 च्या जनगणनांची आकडेवारी, तसेच 1990 ते 2013 दरम्यानच्या चार आर्थिक गणनांची आकडेवारी एकाच समान संकेतांकाखाली जोडून ती संशोधकांना विनामूल्य खुली केली आहे. ज्या गावांचे विभाजन किंवा एकत्रीकरण झाले, त्यांना तिन्ही काळांत तुलना करता येईल अशा एका घटकात बांधले आहे. मी एकटी हाताने करत होते तेच काम कोणीतरी अख्ख्या देशासाठी, नियम लिहून ठेवून आणि त्रुटी नोंदवून केले होते. त्या रात्री मी माझी यादी त्यांच्या यादीशी ताडून पाहिली. बहुतेक गावे जुळली. 23 गावे जुळेनात. त्यांतल्या काहींत चूक माझी होती. काहींत स्पेलिंगमुळे त्यांच्या पद्धतीला न सापडलेले गाव मला केवळ तिथली एसटी माहीत असल्यामुळे ओळखता आले.

संशोधनासाठी पैसा मागताना आपण पाहणीसाठी मागतो, प्रवासासाठी मागतो, संगणकासाठीही मागतो. जुळणी करणाऱ्या, कोडबुक (कोणत्या रकान्यात काय आहे हे सांगणारी टिपणवही) लिहिणाऱ्या आणि फाइली वर्षानुवर्षे उघडता येतील अशा ठेवणाऱ्या माणसांसाठी सहसा कोणी मागत नाही. रस्ता, नळपाणी आणि वीज यांना आपण पायाभूत सुविधा म्हणतो, कारण त्यांवाचून घराघरात तेच कष्ट पुन्हा उपसावे लागतात. महाराष्ट्राच्या गावांवर काम करणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी माझ्यासारखीच बुद्रुक-खुर्दची जोडणी स्वतंत्रपणे केली असेल आणि प्रबंधाबरोबर ती हार्ड डिस्कमध्येच संपली असेल, हा विचार मनात आला की आजही वाईट वाटते.

नमुना पाहण्यांचा मला मर्यादित उपयोग झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 64 व्या फेरीत, म्हणजे जुलै 2007 ते जून 2008 या काळात, स्थलांतराचे प्रश्न विचारलेले आहेत आणि त्यातील कुटुंबनिहाय नोंदी संशोधकांना मिळतात. फाइल उघडल्यावर अंकांच्या अखंड ओळी दिसतात; कोणत्या स्थानापासून कोणत्या स्थानापर्यंतचा अंक कशाचा, हे सोबतचा आराखडा वाचल्याशिवाय कळत नाही. पहिल्यांदा मी भारांक, म्हणजे नमुन्यातले एक कुटुंब प्रत्यक्षातल्या किती कुटुंबांच्या जागी धरायचे तो अंक, न लावताच टक्केवारी काढली होती, जी निरर्थक होती. भारांक लावल्यावर दुसरी गोष्ट ध्यानात आली. एका जिल्ह्यातून या पाहणीत मोजकीच गावे येतात, त्यामुळे राज्यासाठी भक्कम असलेला हा साठा तालुक्याच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही, आणि त्याच्याकडून ते जबरदस्तीने काढूही नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने 2015-16 पासून जिल्ह्याचे अंदाज दिले, पण माझा प्रश्न जिल्ह्याच्याही खाली होता.

तो वाडीचा होता. जनगणना महसुली गाव मोजते. कोकणातला माणूस राहतो वाडीत. बौद्धवाडी, गुरववाडी आणि धनगरवाडी एकाच गावाच्या आकड्यात विरघळून जातात, जरी त्यांच्या मुंबईला जाण्याच्या तऱ्हा, तिथली राहण्याची सोय आणि गावातली जमीन यांत मोठा फरक असला तरी. सुदैवाने आमच्याकडे बऱ्याच वाड्यांना जिल्हा परिषदेची स्वतंत्र शाळा होती, आणि प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात मुलाच्या प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण लिहिलेले असते. गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेऊन मी सहा शाळांची रजिस्टरे पाहिली. 'मुंबईस गेल्याने' असा शेरा एका पानावर एकदा येतो, काही वर्षांनंतरच्या पानांवर तो ओळीने येऊ लागतो, आणि भावंडांचे दाखले एकाच तारखेला निघालेले दिसतात. एकट्या बापाच्या जाण्याने शाळेतील पटावर काही परिणाम होत नाही. कुटुंब गेले की तो होतो. जनगणनेतील 0 ते 6 वयोगटाच्या घटीला स्थलांतराबरोबर कमी झालेला जन्मदरही कारणीभूत असू शकतो, ही माझी अडचण या शेऱ्यांमुळे काही अंशी सुटली.

त्यांतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून रजिस्टर काढून टेबलावर ठेवले तेव्हा त्याच्या कडा कसरीने खाल्लेल्या होत्या. "मॅडम, पट शून्यावर आला की शाळा बंद होईल, मग हे कपाट कुठे जाणार ते मला माहीत नाही," असे त्या म्हणाल्या. पावसाळ्यात आमच्याकडे कागदाला बुरशी धरते, आणि पाण्याची भीती तर प्रत्यक्ष अनुभवातली आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा 1864 पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही ते गेले. चिखलाने जड झालेली पुस्तके उचलताना जे पाहिले, त्यानंतर रजिस्टरांची छायाचित्रे काढणे मी माझ्या प्रबंधाच्या गरजेपुरते ठेवले नाही. जी पाने मला लागत नव्हती, त्यांचीही काढली आणि त्यांची प्रत प्रत्येक शाळेला दिली. अभ्यासासाठी तयार केलेल्या तक्त्यातून मात्र मुलांची नावे, जन्मतारखा आणि जात हे रकाने आधी काढून टाकले आणि वाडीच्या नावाऐवजी क्रमांक दिला. तीस-चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत तारीख आणि इयत्ता एवढ्यावरून कोणीही मूल ओळखू शकते.

प्रबंध सादर केल्यानंतर गावांच्या जुळणीचा तक्ता खुल्या भांडारात ठेवण्याचे मी ठरवले. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची डेटा सेवा मी पाहिली, आणि युरोपातील सर्न या संस्थेचे झेनोडो भांडारही पाहिले, जिथे ठेवलेल्या फाइलीला कायमचा ओळख क्रमांक मिळतो. कोठे ठेवावे यापेक्षा कसे ठेवावे यालाच जास्त वेळ लागला. माझ्यापुरते असताना पिवळा रंग म्हणजे 'शंका' हे मला पाठ होते. दुसऱ्याला ते कसे कळणार? प्रत्येक ओळीपुढे मी तिन्ही वर्षांचे नाव, संकेतांक, देवनागरीतील नाव, जुळणीचा आधार आणि खात्रीची पातळी लिहिली. आधार कधी गावनकाशा होता, कधी तलाठी कार्यालयातील जुनी यादी, कधी गावातील वृद्धांनी सांगितलेली माहिती, आणि जे जसे होते ते तसे लिहिले. या लेखनाला चार महिने लागले, आणि माझ्या सेवापुस्तिकेत त्याची नोंद होण्याची सोय नाही. तरीही त्या पाच वर्षांतले हेच काम मी सर्वांत जबाबदारीने केले, असे मला वाटते.

तीन गावे अखेरपर्यंत जुळली नाहीत. त्यांच्यापुढे मी 'जुळणी झाली नाही' असे लिहून, काय काय तपासले त्याची नोंद ठेवली आहे. आता पुढच्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे, म्हणजे 2011 नंतर सोळा वर्षांनी गावनिहाय आकडे येतील. या सोळा वर्षांत जी गावे नगरपंचायतींत गेली किंवा विभागली गेली, त्यांच्या अधिसूचना मी राजपत्रांतून गोळा करू लागले आहे. मंडणगड आणि दापोली झाले, गुहागर चालू आहे.