पंधरा तासच ना?

मामेबहिणीच्या लग्नाला न्यूयॉर्कहून येणं जमत नाही म्हणून कळवलं, तर मामा म्हणाले, "पंधरा तासच ना? नागपूरहून पुण्याला येणारा माणूसही गाडीत तेवढाच बसतो." फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

न्यूयॉर्क ते मुंबई हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरने भागलं की चौदा तास येतात. मामांचा हिशेब खोटा नाही, पण तो सरळ मार्गाचा झाला. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर तो आइसलंड, नॉर्वे, रशिया करत अफगाणिस्तान-पाकिस्तानवरून मुंबईला पोचतो. रशियाने २०२२ पासून अमेरिकी विमानांना आपलं आकाश बंद केलंय, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना. म्हणजे या देशाचं विमान घ्या नाहीतर त्या, वळसा ठरलेला. परतताना समोरून वारा, त्यामुळे आणखी तास-दीड तास जादा. शिवाय तीन तास आधी विमानतळ गाठायचं. थेट विमानाचं तिकीट परवडलं नाही तर मधल्या विमानतळावर बाकावर बसून काढलेली अर्धी रात्र वेगळीच. घरातून निघून पुण्याच्या दारात पाय ठेवेपर्यंत दीड दिवस सहज जातो.

आणि तक्रार करतंय कोण? इथले माझे सहकारी तीन तासांच्या फ्लोरिडाला जायचं म्हटलं की आठवडाभर आधीपासून तेच बोलतात. आपल्या बायका सत्तरीत, गुडघे धरलेले असताना, लेकीच्या बाळंतपणासाठी एकट्या हे अंतर कापतात. मागच्या वेळी गेटपाशी व्हीलचेअरवर अशाच एक आजी होत्या. हातात मुलाने लिहून दिलेला कागद, घडी पडून पडून मऊ झालेला. एका बाजूला मराठीत, 'इथे हा कागद दाखव'; दुसऱ्या बाजूला इंग्रजीत त्यांचं नाव, औषधं, मुलाचा नंबर. गेट बदलल्याची घोषणा झाली तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि एवढंच विचारलं, "मुंबईचंच ना हे?" त्यांच्यापुढे पंधरा तासांचं रडगाणं मी कधीच गाणार नाही.

माझी अडचण तासांची नाहीच, रजेची आहे. अमेरिकेत पगारी सुट्टी द्यायचं कंपन्यांवर केंद्रीय कायद्याने बंधन नाही. जी मिळते ती साठवावी लागते. त्यातले जाता-येता तीन दिवस प्रवासात, आणि पूर्वेकडे आल्यावर शरीराचं घड्याळ जास्तच हट्ट करतं, तेव्हा पुढचे काही दिवस अर्धवट झोपेत. चार दिवसांच्या लग्नासाठी येऊन मांडवात पेंगणारा भाऊ बहिणीला नको असणार, असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांसाठी येतोय. मामा, तुमच्याकडे राहायलाच येणार. फक्त पहिले दोन दिवस कुणाकडे जेवायचं ठरवू नका. तुमचे पहाटेचे तीन म्हणजे इथले दुपारचे साडेचार, मी टक्क जागा असेन.