कमलताईंचं ‘३एलक्यू’ झालं तेव्हा

१९९३ ची गोष्ट. पुण्यात एका छोट्या प्रेसमधे कंपोजिंगला होतो, गणपती पंधरा दिवसांवर आलेले आणि एका मंडळाच्या स्मरणिकेचा सगळा मजकूर जुन्या एक्स्टी कॉम्प्युटरवर अडकलेला. त्याला सव्वापाच इंची फ्लॉपी, नव्या ३८६ ला फक्त साडेतीन इंची, म्हणजे फ्लॉपीचा मार्ग बंद. मग तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, कनेक्टर आणले, एकाची टीएक्स (पाठवणारी तार) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणाऱ्या तारेला), ग्राउंड ग्राउंडला, अशी सिरियल केबल स्वतः सोल्डर केली आणि टर्मिनल प्रोग्रॅममधून फाइल सरळ टेक्स्ट म्हणून पाठवली.

इंग्रजी अगदी चोख आलं, जाहिरातदारांचे फोन नंबरसुद्धा. मराठीचा मात्र पार भुगा. देणगीदारांच्या यादीत ‘कमल’ च्या जागी ३ चा आकडा, मग एल, मग क्यू. जिथे जोडाक्षर तिथे मधेच एक छोटा एच घुसलेला.

मालक काका म्हणाले, "वायर तूच जोडलीस ना? मग वायरच बघ." बघितली. पुन्हा सोल्डर केली, स्पीड ९६०० वरून १२०० वर आणला, दोन रात्री गेल्या. तरी ३एलक्यू ते ३एलक्यूच! तेव्हा कुठे डोक्यात आलं की वायर खराब असती तर दर वेळी वेगळाच कचरा आला असता ना, हा तर दर वेळी हुबेहूब तोच.

मग दोन्ही फाइली डीबगमधे, म्हणजे फाइलीतले कोडचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधे, उघडल्या आणि शेजारी शेजारी कागदावर उतरवल्या. मजकूर इस्की, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या आठ बिटी कोडमधे होता. क म ल म्हणजे हेक्समधे (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) बी३, सीसी, डी१, आणि पलीकडे पोचलेलं ३३, ४सी, ५१. प्रत्येक अक्षरातून बरोब्बर १२८ गायब! हलंत ई८, त्याचा झाला ६८, म्हणजे तो छोटा एच. इस्कीत इंग्रजी १२८ च्या खाली आणि देवनागरी सगळी वर, म्हणजे आठवं, १२८ किमतीचं बिट उडालं की मराठीच मरते, इंग्रजीला ओरखडाही नाही.

सेटिंग बघितलं तर दोन्हीकडे ७-ई-१, म्हणजे अक्षराला सातच बिट, चूक पकडायला एक जादा पॅरिटी बिट आणि शेवटी एक स्टॉप बिट. प्रोग्रॅमची कॉपी एका मित्राच्या ऑफिसातली, तिथे कुठल्यातरी मोठ्या मशीनला जोडायला तसं ठेवलेलं. दोन्ही टोकं सातच बिटांवर राजी, पॅरिटीही जुळतेय, मग एरर दाखवणार कोण? ८-एन-१, म्हणजे आठ बिट आणि पॅरिटी नाही, असं केलं आणि पहिल्याच फटक्यात कमलताई परत आल्या.

पण मधेमधे एखादं अक्षर गळत होतं, ३८६ डिस्कवर लिहायला गेला की तेवढ्यात आलेलं पडायचं. म्हणून एक्समोडेम हा फाइल पाठवायचा प्रोटोकॉल लावला, शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी १९७७ मधे लिहिलेला. १२८ बाईटचा एकेक ब्लॉक, मागे चेकसम (पडताळणीची बेरीज), चुकलं की तोच ब्लॉक परत मागतो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं खरं तर, पण तेव्हा ‘साधी टेक्स्ट फाइल तर आहे’ असं वाटलं.

त्यातही शेवटी एकदा घाबरलोच. मूळ फाइल ४१,१३० बाईट आणि आलेली ४१,२१६. शेपटीला ८६ वेळा कंट्रोल-झेड निघाले, शेवटचा ब्लॉक १२८ चा भरायला एक्समोडेमनेच टाकलेले. तेवढे कापले आणि काकांना प्रिंट दिली. त्यांनी सगळं सोडून आधी स्वतःच्याच नावातली वेलांटी तपासली.