रिपोर्ट यांचा, उपास माझे

लपवून लपवून कंटाळा आला, म्हणून लिहिते. यांना विचारूनच.

आज नागपूरला सोनोग्राफी झाली. मूल व्हावं म्हणून आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, सुरू आहे. इंजेक्शनं फ्रिजात ठेवावी लागतात अन् गावात लाइन कधी जाईल नेम नाही. म्हणून डबा मेडिकलवाल्या भाऊंच्या फ्रिजात. इन्व्हर्टर आहे त्यांच्याकडे. भला माणूस, कुठं बोलला नाही.

स्क्रीनवर काळे गोल दिसले, बीजांच्या पिशव्या. त्या पुरेशा वाढल्या की शेवटचं इंजेक्शन, अन् साधारण ३६ तासांनी भूल देऊन बीजं काढतात. वेळ चुकवायची नाही, डॉक्टर मॅडमनी दोनदा बजावलं. पुढं लॅबमध्ये फलन, अन् तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भ गर्भाशयात सोडतात. तरी दिवस राहतीलच याची खात्री कोणी देत नाही.

इतकी वर्षं उपास मी केले, टोमणे मी ऐकले, अन् शुक्राणू कमी निघाले यांच्या रिपोर्टात! तपासणी पहिल्यांदा दोघांचीही करा नं बापा. साधी तर असते पुरुषाची.

सासूबाईंना यांनी आज स्वतः सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझा सोमवार सोडवला.