बॉटने आजीच्या ओव्या ‘शुद्ध’ केल्या

लघुप्रबंधांचा हंगाम आला की हल्ली टेबलावर दोन जातींचे मसुदे येतात. एकात ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद असतो, पण लिहिणारं पोर कोण ते लगेच ओळखू येतं. दुसऱ्यात प्रत्येक कविता ‘समाजवास्तव अधोरेखित’ करते आणि प्रत्येक लेखकाचं योगदान ‘अनन्यसाधारण’ असतं. हे दुसरं कुठून येतं ते आता शिपायालाही कळतं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.ला संशोधन प्रकल्प आला. आमचं कॉलेज तालुक्याचं. बारावीपासून गाईडवर निभावलेल्या मुलांनी एकदम साठ-सत्तर पानं संशोधनपर लिहायची, तीही सकाळी दूध घालून, दुपारी दुकानात बसून. रात्री अकराला शंका आली तर ती फोनमधल्या चॅटजीपीटीसारख्या बॉटलाच विचारणार. विचारू देत. अकराला माझा फोन वाजलेला मलाही आवडत नाही.

या वर्षी एका मुलीने जात्यावरच्या ओव्या घेतल्या. आजीकडून आणि गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांकडून ऐकून मोबाइलवर रेकॉर्ड केल्या, वहीत उतरवल्या. काम नेटकं होतं. मग प्रकरण टाइप करून तिने बॉटला सांगितलं, ‘प्रमाणलेखन तपासून दे.’ त्याने इमानेइतबारे तपासलं. तिचं विवेचन सुधारलं आणि त्याच झपाट्यात ओव्याही सुधारल्या. ‘म्या’चं ‘मी’, ‘व्हता’चं ‘होता’, ‘माज्या’चं ‘माझ्या’. भरीचे ‘गं’ आणि ‘बाई’ तर त्याला फालतू वाटले असावेत, सरळ उडवले. चालीवर म्हणून बघितलं तर ओळ मधेच लंगडायची.

“मॅडम, वाचायला छान वाटतंय की,” ती म्हणाली.

“अगं, आजीला म्हणून दाखव बरं हे.”

लोकसाहित्याच्या अभ्यासात उच्चार हाच पुरावा. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्या क्रमाने येत गेल्या, बऱ्याच आवाजासकट. तिला त्या ऐकायला लावल्या. आता तिचा नियम असा: ओव्या बॉटपुढे ठेवायच्याच नाहीत, फक्त स्वतःची वाक्यं ठेवायची.

संदर्भसूचीबाबत मात्र मी कडक आहे. बॉटने दिलेलं पुस्तक हातात घेऊन दाखवल्याशिवाय यादीत जाणार नाही. हा पुढचा संभाव्य शब्द जुळवत जाणारा प्राणी. मराठी समीक्षेची पुस्तकं, नियतकालिकांचे जुने अंक इंटरनेटवर फारसे नाहीतच, मग तो ऐकल्यासारखं वाटेल असं शीर्षक, खऱ्या लेखकाचं नाव आणि एखादं साल बेमालूम जोडून देतो. आमचे ग्रंथपाल असल्या एका ग्रंथासाठी अख्खं कपाट उपसून बसले होते. त्या दिवसापासून ते बॉटचं नाव काढलं तरी चहा घेत नाहीत.

त्याचा खरा उपयोग मला दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. मी मुलांना एक सूचना व्हॉट्सॲपवर टाकून दिली आहे: ‘माझा परिच्छेद बदलू नकोस. कडक परीक्षक असल्यासारखे मला फक्त प्रश्न विचार.’ याच मुलीने लिहिलं होतं, ‘ओव्यांतून स्त्रियांचे दुःख व्यक्त होते.’ बॉटने विचारलं, कोणत्या ओव्यांतून? किती? दुःख कुणामुळे? दुःखाच्या नसलेल्या ओव्यांचं काय करणार? पोरगी वही घेऊन मोजायला बसली. निम्म्याहून जास्त ओव्या भावाच्या निघाल्या, तो येणार, चोळी घेणार, वहिनी नाक मुरडणार. उरलेल्यांत विठ्ठल, आणि तोही बहुतेक वेळा भाऊच. सासुरवासाच्या बोटांवर मोजण्याइतक्या. प्रकरणाचं नाव बदललं, मांडणी बदलली. हा प्रश्न मीही विचारला असता, पण मी विचारला की मुलं मान डोलावून ‘हो मॅडम’ म्हणतात आणि वाक्य तसंच ठेवतात. यंत्राशी ती भांडतात.

सहकाऱ्यांचं म्हणणं, मजकूर यंत्राने लिहिलाय का ते सांगणारा डिटेक्टर लावा आणि मोकळे व्हा. मला ते पटत नाही. ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी काढलं, तिनेच स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३मध्ये नीट ओळखत नाही म्हणून बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून अधिक निबंध असे डिटेक्टर यंत्राचे ठरवतात. हे इंग्रजीत, मराठीची बात सोडाच. त्यापेक्षा समोर बसवून ‘या परिच्छेदात काय म्हणायचंय?’ विचारलं की पाच मिनिटांत उलगडा होतो.

बॉटशी झालेला संवाद परिशिष्टात जोडा, असं या वर्षी मुलांना सांगितलंय. प्रबंधाच्या ठरलेल्या नमुन्यात त्याला जागा नाही, आणि बहिःस्थ परीक्षक कपाळाला आठ्या घालतील अशी दाट शक्यता आहे. तुमच्या विभागात कुणी असं परिशिष्ट जोडलं असेल तर त्याचा मायना मला पाठवा. तोंडी परीक्षा तोंडावर आली आहे.